आजीची ओवी आणि सोन्याची तबकडी

(भागाचं शब्दांकन. बोलताना आलेले 'म्हणजे काय' आणि 'ते हे' निम्मे काढलेत, निम्मे राहू दिलेत.)

राजारामपुरीतल्या गच्चीवरच्या खोलीतून बोलतोय. मागं तडतड आवाज येत असेल तर तो पत्र्यावरचा पाऊस आहे. फॅन बंद केलाय, पाऊस बंद करता येत नाही.

आजचा भाग ठरलेला नव्हता. ठरला होता रंकाळ्यावर, तो पुढे ढकलला. झालं असं की माझी मामेबहीण, घरात तिला आम्ही बारकी म्हणतो, दहावी पास झाली. चांगल्या मार्कांनी. अकरावी सायन्सचा फॉर्म भरून आली आणि खुशीत म्हणाली, "दादा, सुटले बघ. इतिहास संपला, भूगोल संपला. आता आयुष्यात पुन्हा अमेरिकेची यादवी आणि कुठल्या गव्हर्नर जनरलचं साल पाठ करायचं नाही."

मी काही बोललो नाही. मीही तिच्या वयात हेच म्हणालो होतो. पण खोलीत आजी होती. माझी आजोळची आजी, म्हणजे बारकीच्या वडिलांची आई. फेब्रुवारीत तिला अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला आणि बोलणं गेलं. म्हणजे आजी सगळं ऐकते, सगळं समजतं, पण शब्द बाहेर येत नाही. 'पाणी' म्हणायचं असतं आणि तोंडातून 'प, प' एवढंच येतं, मग ती चिडते, मग डोळ्यांत पाणी. ज्या बाईनं आख्ख्या आजऱ्याच्या बाजारात भाजीवाल्यांना गप्प बसवलं, तिची ही अवस्था. बारकीचा निकाल ऐकून तिला काहीतरी म्हणायचं होतं. आलं नाही.

त्या रात्री मला झोप लागेना म्हणून मी मोबाईलवर एक जुनं गाणं लावलं. आणि त्या गाण्यापासून आजचा भाग सुरू होतो.

गाणं केसरबाई केरकरांचं. राग भैरवी, 'जात कहाँ हो'. साडेतीन मिनिटांचं. हे गाणं आत्ता, मी बोलतोय तेव्हा, पृथ्वीपासून इतकं लांब आहे की तिथून निघालेला रेडिओचा सिग्नल प्रकाशाच्या वेगानं यायला 23 तासांहून जास्त वेळ घेतो. सूर्याचा प्रकाश आपल्यापर्यंत यायला आठ-सव्वाआठ मिनिटं लागतात, त्यावरून हिशोब करा. तुम्ही आज रात्री तिकडं 'हॅलो' म्हणालात तर उत्तर परवा येईल.

1977 साली अमेरिकेच्या नासानं दोन यानं सोडली. व्हॉयेजर 2 आधी, 20 ऑगस्टला. व्हॉयेजर 1 नंतर, 5 सप्टेंबरला. (हो, नंबर दोन आधी गेलं. एक नंबर वेगळ्या वाटेनं गुरूजवळ आधी पोहोचणार होतं म्हणून.) काम होतं गुरू आणि शनी बघायचं, आणि दोन नंबरला पुढे युरेनस, नेपच्यून. पण त्यानंतर ही यानं परत येणार नव्हती, पुढेच जात राहणार होती. मग कार्ल सेगन नावाच्या शास्त्रज्ञाच्या पुढाकारानं दोन्ही यानांवर एकेक तबकडी बसवली. तांब्याची, वर सोन्याचा मुलामा. कधीकाळी कुणाला सापडलीच, तर पृथ्वी म्हणजे काय हे त्याला कळावं म्हणून.

तिच्यावर काय काय आहे? 115 चित्रं. 55 भाषांमधले नमस्कार, त्यात मराठीही आहे, एका बाईच्या आवाजात. पाऊस, वारा, रेल्वे, बेडूक, हत्ती, देवमासा यांचे आवाज. आणि जगभरचं 27 तुकड्यांचं संगीत, जवळजवळ दीड तासाचं. त्या 27 मध्ये भारताचा तुकडा एकच. तो केसरबाईंचा.

आता तुम्ही म्हणाल, यात कोल्हापूर कुठं?

केसरबाई गोव्यातल्या केरी गावच्या. जन्म 1892. आठ वर्षांच्या असताना त्या कोल्हापुरात आल्या आणि आठेक महिने अब्दुल करीम खाँसाहेबांकडे शिकल्या. म्हणजे त्यांच्या गळ्यावर पहिले नीट संस्कार झाले ते आपल्या गावात. पुढं बऱ्याच गुरूंकडे थोडं थोडं शिकून 1921 साली त्या अल्लादिया खाँसाहेबांच्या गंडाबंध शिष्या झाल्या. आणि अल्लादिया खाँ म्हणजे कोण, तर शाहू महाराजांच्या दरबारातले गवई. वर्षानुवर्षं कोल्हापुरात राहिलेले. जयपूर-अत्रौली घराणं म्हणून ज्याचं नाव घेतात, ते त्यांचं.

खाँसाहेबांची एक गोष्ट मला फार लागते. ते तरुणपणी आमलेटा नावाच्या संस्थानात असताना तिथल्या राजासाठी इतकं गायले, इतकं गायले, की त्यांचा आवाज गेला. गवयाचा आवाज गेला म्हणजे पैलवानाचे पाय गेले. बऱ्याच काळानं आवाज परत आला, पण पूर्वीचा नाही. जड, वेगळा. मग त्यांनी काय केलं? त्या उरलेल्या आवाजाला पेलेल असं गाणं बांधलं. खुला आकार, वळणावळणाच्या ताना, लयीशी गुंतलेली मांडणी. आज आपण ज्याला त्या घराण्याची शान म्हणतो, ते एका बिघडलेल्या गळ्यातून आलंय.

आणि गंमत बघा. गंमत कसली, वाईट वाटतं. अल्लादिया खाँसाहेबांच्या आवाजाचं एकही रेकॉर्डिंग नाही. 1946 पर्यंत ते होते. गोहरजानची तबकडी तर 1902 सालीच कलकत्त्यात निघाली होती, तीही फ्रेड गाइसबर्ग नावाच्या एका अमेरिकन माणसानं काढलेली. म्हणजे तंत्र हाताशी होतं. खाँसाहेब तयार नव्हते. पण त्यांनी आपली जीवनकहाणी नातवाला सांगितली, नातवानं ती लिहून घेतली, म्हणून निदान आयुष्य तरी उरलं. गळा गेला.

शिष्याही तशाच. केसरबाई रेकॉर्डिंगच्या बाबतीत भयंकर कडक. थोड्याच तबकड्या निघाल्या. त्या काळच्या तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं मावायची. जी बाई मैफलीत एक राग तासभर उलगडायची तिला सांगायचं, बाई, साडेतीन मिनिटांत आटपा. वैताग येणारच. पण त्या साडेतीन मिनिटांतलीच एक भैरवी आज तिथं आहे. रॉबर्ट ब्राउन नावाच्या संगीताच्या अमेरिकन प्राध्यापकानं तिचं नाव सुचवलं. तोवर ती तबकडी बाजारातून गायब झालेली. शोधत शोधत न्यूयॉर्कमधल्या एका भारतीय कुटुंबाच्या विजेच्या सामानाच्या दुकानात ती सापडली, टेबलाखालच्या खोक्यात. व्हॉयेजर 1 उडालं आणि त्याच महिन्यात, 16 सप्टेंबर 1977 ला, केसरबाई गेल्या.

इथपर्यंत ही गोष्ट बऱ्याच जणांनी ऐकलेली असेल. पुढची मला त्या रात्री कळली. केसरबाईंचं गाणं संपलं, मी ती आख्खी यादी क्रमानं लावली होती, आणि पुढचा तुकडा सुरू झाला. गिटार. आणि एक माणूस नुसता गुणगुणतोय. शब्द नाहीत. कण्हल्यासारखं, हुंकारल्यासारखं. मी उठून बसलो.

तो माणूस ब्लाइंड विली जॉन्सन. टेक्ससचा, काळा, लहानपणीच आंधळा झालेला. रस्त्याच्या कडेला उभा राहून देवाची गाणी म्हणायचा, लोक पैसे टाकायचे. 1927 साली एका कंपनीनं त्याची गाणी डॅलसमध्ये रेकॉर्ड केली. त्यातलंच हे. पुढं त्याचं घर जळालं. जाऊन राहणार कुठं, तर त्याच जळक्या घरात ओल्या अंथरुणावर झोपायचा, असं त्याच्या बायकोनं नंतर सांगितलं. तापानं गेला, 1945 साली. अल्लादिया खाँच्या आधी सहाएक महिने.

आता हा अमेरिकेचा इतिहास, बारकी, तुझा 'सुटलेला'. यादवी 1861 ते 1865. गुलामगिरी कायद्यानं बंद झाली 1865 ला. पण बंद म्हणजे कागदावर. विली जॉन्सनच्या काळात टेक्ससमध्ये काळ्यांची शाळा वेगळी, रेल्वेचा डबा वेगळा, पाण्याचा नळ वेगळा. वेगळा नळ म्हटल्यावर तुम्हाला काही आठवलं का?

महात्मा फुल्यांना आठवलं होतं. 1873 साली त्यांनी 'गुलामगिरी' लिहिलं आणि ते पुस्तक अर्पण कुणाला केलं, तर अमेरिकेतल्या त्या सदाचारी लोकांना, ज्यांनी काळ्यांना गुलामीतून सोडवण्यासाठी झीज सोसली. तिकडं गुलामी संपून आठच वर्षं झाली होती. इकडं पुण्यात बसलेला माणूस, ना इंटरनेट, ना विमान, त्यानं ती बातमी आपल्या घरची म्हणून वाचली. त्याआधी तरुणपणी त्यांनी थॉमस पेन वाचला होता, जो अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाचा लेखक. पाठ्यपुस्तकात फुले एका धड्यात आणि अमेरिका दुसऱ्या पुस्तकात, म्हणून आपल्याला वाटतं दोघांचा संबंध नाही.

पुढं 1913 साली बाबासाहेब न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेले. 1920 साली आपल्या जिल्ह्यातल्या माणगावात परिषद झाली, तिथं शाहू महाराजांनी जमलेल्या लोकांना सांगितलं की तुमचा पुढारी तुम्हाला मिळाला. तेच शाहू महाराज, ज्यांच्या पदरी अल्लादिया खाँ होते. आणि 1946 साली बाबासाहेबांनी अमेरिकेतले काळ्यांचे मोठे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. द्यू बॉइस यांना पत्र लिहिलं. अमेरिकेतले काळे लोक संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज करतायत असं कळलं, त्याची प्रत मिळेल का, असं विचारलं. द्यू बॉइस यांचं उत्तरही आलं.

आता परत त्या तबकडीवर या. केसरबाई गोव्यातल्या कलावंत समाजातल्या. या समाजाच्या बायका देवळात गायच्या, सेवा करायच्या. गाणं ऐकायला बड्या घरची माणसं यायची, पण घरी पाट मांडून जेवायला कुणी बोलवायचं नाही. आणि तिच्या शेजारी टेक्ससचा रस्त्यावरचा आंधळा. जिवंतपणी दोघांची भेट होणं शक्य नव्हतं. त्या यादीत मात्र एकापाठोपाठ एक आहेत, मध्ये कुणी नाही. आणि विली संपला की बेटोव्हेन. मुद्दाम तसं लावलं का, ते माझ्या मनाचं मी ठरवून टाकलंय.

प्राण्यांवर जास्त बोलत नाही, कारण पावसाचा जोर वाढलाय. पण एक सांगतो. तबकडीवर देवमाशांचं गाणं कुठं आहे माहितीये? माणसांच्या नमस्कारांत. संयुक्त राष्ट्रांच्या प्रतिनिधींचे नमस्कार चालू असताना त्यांच्यात मिसळून देवमासा गातोय. म्हणजे ज्यानं तबकडी केली त्यानं ठरवलं की हाही एक नमस्कारच. हे देवमासे गातात हे सामान्य लोकांना कळलं 1970 च्या सुमाराला, रॉजर पेन या अमेरिकन शास्त्रज्ञानं त्यांच्या गाण्याची तबकडी काढली तेव्हा. ती घराघरांत गेली आणि देवमासे मारू नका म्हणून चळवळ उभी राहायला तिचा मोठा हात लागला. आवाज ऐकल्यावर मारणं अवघड जातं.

आपल्याकडे उलटं झालं. शाहू महाराजांच्या काळात कोल्हापुरात शिकारीसाठी माणसाळवलेले चित्ते होते, काळवीट धरायला सोडायचे. त्यांना सांभाळणारे ते चित्तेवान. देशी चित्ते मिळेनासे झाले तेव्हा आफ्रिकेतून आणले. 1952 साली भारतातून चित्ता संपल्याचं जाहीर झालं. आता 2022 पासून नामिबियाचे चित्ते कुनोत आणलेत ते तुम्हाला रील्समधून माहीत असेलच. पण चित्ता डरकाळी फोडत नाही, पाखरासारखा चिवचिवतो, हे माहीत होतं? मला परवापर्यंत नव्हतं. आमच्या गल्लीत एक काळ असा असेल की पोरांना तो आवाज ओळखू येत असेल.

आणि अंबोलीला धबधब्याखाली नाचायला जाता ना, जा. पण जमलं तर पाच मिनिटं रात्री गाडीचं गाणं बंद करून बेडूक ऐका. तिथं एक टोड आहे, अंगावर वाघासारखे पट्टे. त्याला शास्त्रीय नाव मिळालं 2009 साली. अंबोली आणि आसपास सोडून तो दुसरीकडं सापडत नाही. बेडकांच्या जाती शोधणारे लोक आधी कान लावतात, मग टॉर्च.

आता तंत्रज्ञान, बारकीचा लाडका विषय. व्हॉयेजरच्या सगळ्या कॉम्प्युटरांची मिळून मेमरी साधारण 70 केबी. तुमच्या काकांनी व्हॉट्सॲपवर पाठवलेला गुलाबाचा 'शुभ सकाळ' यापेक्षा मोठा असतो. सिग्नल पाठवायची ताकद जेमतेम 23 वॅट, घरातल्या एलईडी ट्यूबइतकी. ती ट्यूब 23 तासांच्या अंतरावरून बघायची आहे असं समजा.

नोव्हेंबर 2023 मध्ये व्हॉयेजर 1 बरळायला लागलं. सिग्नल येत होता, पण अर्थ नाही. तेच तेच शून्य-एक. यान जिवंत होतं, ऐकत होतं, आज्ञा पोचत होत्या. फक्त त्याला बोलता येत नव्हतं. काही महिन्यांनी इंजिनिअरांना कळलं की मेमरीची एक चिप खराब झालीय. आता तिथं जाऊन चिप बदलणार कोण? मग त्यांनी त्या जागेतला कोड बारीक तुकडे करून मेमरीत जिथं जिथं रिकामा कोपरा होता तिथं बसवला. एक आज्ञा पाठवायची, जवळजवळ दोन दिवस वाट बघायची. 20 एप्रिल 2024 ला यान पुन्हा कळेल असं बोललं.

हे वाचलं तेव्हा पहाटेचे तीन वाजले होते आणि शेजारच्या खोलीत आजी झोपली होती.

आजीला जे झालंय त्याला वाचाघात म्हणतात, इंग्रजीत अफेझिया. बऱ्याच माणसांत भाषेचं काम मेंदूच्या डाव्या बाजूला चालतं. तिथं रक्त पोचलं नाही की शब्द अडकतात. पण गाणं मेंदूच्या एकाच बाजूला राहत नाही, दोन्हीकडं पसरलेलं असतं. म्हणून ज्यांना 'पाणी' म्हणता येत नाही अशा काहींना आख्खं गाणं शब्दांसकट म्हणता येतं. 1973 साली बॉस्टनच्या डॉक्टरांनी याच्यावरून उपचाराची एक पद्धत बसवली. आधी सुरात म्हणायचं, डाव्या हातानं ठेका धरायचा, मग हळूहळू सूर काढून घ्यायचा. 2011 साली अमेरिकेत गॅबी गिफर्ड्स या खासदार बाईंच्या डोक्यात गोळी लागली होती, त्यांनाही बोलणं परत मिळवताना गाण्याचा उपयोग झाला. सगळ्यांना होतो असं नाही. आमच्या स्पीच थेरपिस्ट मॅडमनी हे स्पष्ट सांगितलं. पण त्यांनीच विचारलं, "आजी पूर्वी काय गायच्या?"

आणि आम्ही सगळे एकमेकांच्या तोंडाकडं बघत बसलो.

ओव्या. आजी जात्यावर ओव्या म्हणायची. मी सहा-सात वर्षांचा असताना तिच्या मांडीवर डोकं ठेवून त्या ऐकल्यात, जात्याची घरघर पाठीत जाणवायची. शब्द? एक नाही आठवत. आईला दोन आठवल्या, त्याही अर्ध्या. आणि माझ्याकडं, जो मी माईक विकत घेऊन लोकांच्या मुलाखती घेत फिरतो, त्या माझ्याकडं आजीचं रेकॉर्डिंग किती? एक व्हिडिओ, चौदा सेकंदांचा. त्यात ती म्हणते, "ते बंद कर आधी आणि जेवायला बस."

आपल्याकडे हे काम केलेली माणसं आहेत. गी प्वातव्हां आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातल्या गावागावांतून एक लाखावर ओव्या गोळा केल्या. त्या आता 'पारी'च्या वेबसाईटवर मिळतात, कित्येक बायकांच्या स्वतःच्या आवाजात. बारकीनं ती साईट उघडली. चार-पाच ओव्या लावल्या, आजी नुसती बघत होती. मग बारकीला काय सुचलं कुणास ठाऊक, तिनं आजीचा डावा हात धरला आणि पलंगाच्या कडेवर गोल फिरवायला लागली. जात्यासारखा. मी म्हटलं, अगं दुखेल. ती म्हणाली, "गप रे दादा."

सहाव्या की सातव्या ओवीला आजीचा हात बारकीच्या हाताशिवाय फिरायला लागला. आणि आवाज आला. आधी नुसता हुंकार, शब्द नाहीत. मग दोन शब्द. मग एक ओळ, आख्खी, मोबाईलमधल्या बाईच्या ओळीपेक्षा वेगळी. तिची स्वतःची. शेवटी नाव घालायची जागा येते ना, तिथं ती थांबली. ओठ हलले. आणि तिनं बारकीचं खरं नाव घेतलं, जे घरात कुणीच घेत नाही.

मामा उठून बाहेर गेला. मामी गॅस बंद करायला गेली, जो बंदच होता.

दुसऱ्या दिवशी 'पाणी' आलं नाही. आजही सरळ येत नाही. सुरात कधीतरी येतं. मॅडम म्हणाल्यात, रोज वीस मिनिटं, आणि चमत्काराची वाट बघू नका.

त्या दुपारचं रेकॉर्डिंग 1 मिनिट 52 सेकंदांचं आहे, बारकीच्या फोनवर. मध्ये रिक्षाचा हॉर्न आहे आणि माझा "अगं दुखेल". मी ते इथं लावणार नाही, आजीला विचारल्याशिवाय नाही, आणि 'हो' किंवा 'नको' हे तिला नीट सांगता येईपर्यंत विचारणार कसं? बारकीनं फाईलला नाव दिलंय 'आजी 1'. काल रात्रीपर्यंत 'आजी 9' झालं होतं.

पाऊस थांबलाय वाटतं. रंकाळ्याचा भाग पुढच्या शनिवारी नक्की. चला, राम राम.